अर्जांतील गोष्ट

मुंजीच्या भिक्षावळींत बटूच्या झोळींत पहिली भिक्षा आई घालते. मग मावशा, आत्या, शेजारणी यांची रांग लागते. बटूच्या तोंडीं उपाध्यायांनीं दिलेलें वाक्य अवघ्या तीन शब्दांचें असतें, परंतु त्या शब्दांचा क्रमहि स्मृतिकारांनीं ठरवून ठेवलेला आहे. देणारीचें संबोधन ब्राह्मण बटूनें वाक्याच्या आरंभीं, क्षत्रियानें मध्यें आणि वैश्यानें अखेरीस उच्चारावें, असें मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. त्यांतील वर्णभेदाचा भाग कालबाह्य झाला, आणि झाला तें बरेंच झालें. परंतु मागणाऱ्याच्या वाक्यांत देणाऱ्याचें स्थान कोठें असावें, एवढा बारीक विचार कोणीतरी करून ठेवला होता, याचें मला पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकवूनहि कधीं विशेष वाटलें नव्हतें. तें वाटूं लागलें सेवानिवृत्तीनंतर, आमच्या गांवच्या वाचनालयाचा चिटणीस या नात्यानें अनुदानाचे अर्ज लिहावयाची पाळी मजवर आली तेव्हां.

आमचें गांव कोकणांतील, खाडीकांठचें, तालुक्याचें ठिकाण आहे. वाचनालय जुनें, भिंती जांभ्याच्या, छप्पर मंगळुरी कौलांचें, आणि ग्रंथसंख्या नोंदवहींत ९,४००, प्रत्यक्षांत वाळवीनें ठेवलीं असतील तितकीं. महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला. त्याखालीं मान्यता मिळालेल्या वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि त्या मानानें सरकारी अनुदान मिळतें. आमचें वाचनालय 'क' वर्गांतील. मिळणाऱ्या अनुदानांत ग्रंथपालबाईंचें तुटपुंजें वेतन, वर्तमानपत्रें आणि थोडीं नवीं पुस्तकें एवढें भागतें. छप्पर भागत नाहीं. पावसाळ्यांत इतिहासाच्या कपाटावर मेणकापड आणि चरित्रांच्या कपाटाखालीं बादली, अशी आमची व्यवस्था असे.

अशांत कोणीतरी मला कंपन्यांच्या निधीची वार्ता दिली. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम लोकोपयोगी कामांवर खर्च करण्याचें बंधन घातलें. व्यवहारांत याला सीएसआर म्हणतात. हा पैसा कोणत्या कामांवर खर्चावा त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टांत आहे, आणि तींत सार्वजनिक वाचनालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. ती यादी वाचून माझी अशी समजूत झाली कीं पैसे तयारच आहेत, आपण कळविण्याचा काय तो अवकाश!

२०२२ च्या उन्हाळ्यांत मीं पहिला अर्ज लिहिला. तो अकरा पानांचा होता. आरंभ नालंदापासून होता. तेथून धारानगरीच्या भोजराजाकडे येऊन, मध्यें सात सुभाषितें घालून, नवव्या पानावर आमच्या गांवाचें नांव प्रथम येत होतें. गळक्या छपराचा उल्लेख 'कालौघांत जीर्ण झालेलें सरस्वतीमंदिर' असा होता. रक्कम कोठेंच नव्हती, कारण देणाऱ्यास आंकडा सांगणें मला असभ्यपणाचें वाटलें. 'फूल ना फुलाची पाकळी' अशी विनंती करून मीं सही केली होती. कार्यकारी मंडळाच्या सभेंत तो मोठ्यानें वाचला गेला तेव्हां सर्वांनीं माना डोलविल्या. दीड महिन्यानें दोन ओळींचें उत्तर आलें. त्यांत आमच्या कार्यास शुभेच्छा होत्या.

त्या वर्षीं गणपतीस माझी एक माजी विद्यार्थिनी घरीं आली. ती पुण्यास एका मोठ्या कंपनींत याच निधीच्या विभागांत काम करते. सौ.नें केलेले मोदक खाऊन झाल्यावर मीं तिला अर्जाची प्रत दाखविली. तिनें ओटीवर बसून ती सबंध वाचली; सबंध वाचली याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहें.

"गुरुजी, रागावणार नाहीं ना?" ती म्हणाली. "हा अर्ज तुम्ही कंपनीला लिहिलेलाच नाहीं. हा तुम्ही संस्कृतच्या परीक्षकाला लिहिलाय."

मी गप्प बसलों.

"आमच्या टेबलावर अशा अर्जांचा ढीग असतो. पहिल्या पानावर मला चार गोष्टी दिसायला हव्यात. कोण अडलंय, कशानं अडलंय, किती पैशांत सुटेल, आणि सुटलं हें मी पुढच्या वर्षीं कशावरून ओळखूं. नालंदा जळली त्याला आमची कंपनी काय करणार, गुरुजी?"

विद्यार्थ्याकडून पराजय इच्छावा असें आपल्याकडे म्हणतात. प्रत्यक्ष तो पदरीं पडतो तेव्हां इतका गोड लागत नाहीं. तरी तिच्या पहिल्याच प्रश्नानें मी अडलों. कोण अडलें आहे? मीं सांगितलें, वाचक. "किती? कोणते? किती वाजतां येतात?" यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें.

म्हणून त्या आश्विनाचा महिनाभर मी रोज सायंकाळीं पांच ते नऊ वाचनालयाच्या दाराशीं वही घेऊन बसलों. गांवांतील लोकांस वाटलें, म्हातारा वर्गणी थकलेल्यांस धरावयास बसला आहे. पहिले दोन दिवस कांहीं सभ्य गृहस्थ समोरच्या फुटपाथवरून गेले. महिन्याच्या अखेरीस वहींतून जें निघालें त्यानें माझे डोळे उघडले. सायंकाळीं अभ्यासास येणारीं मुलें सरासरी ३८, आणि खुर्च्या १६. उरलेलीं बाकांच्या कडेवर, पायरीवर, कांहीं उभीं. त्यांत मुली ११. परंतु साडेसहानंतर मुलींच्या रकान्यांत सबंध महिनाभर शून्य होतें.

अंधाराची भीति असेल, असा माझा तर्क. मीं ग्रंथपालबाईंस सहज विचारलें. त्या क्षणभर घुटमळल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, येथें मुलींना जायला जागा नाहीं. त्या दुपारपासून पाणी पीत नाहींत, म्हणून साडेसहापर्यंत तरी बसतात."

मी त्या संस्थेचा अकरा वर्षें सभासद आणि तीन वर्षें चिटणीस होतों. आमचा संकल्प सभागृह बांधण्याचा होता. दात्याच्या नांवाची संगमरवरी शिळा कोठें बसवावी याचीहि चर्चा झालेली होती. अर्ज लिहिणें म्हणजे आपली अडचण दुसऱ्यास समजावून सांगणें, अशी माझी समजूत. आमची अडचण काय आहे हें मलाच ठाऊक नव्हतें. नव्या अर्जाच्या मसुद्यांत मीं 'आवश्यक त्या सोयी' असें लिहिलें, तें विद्यार्थिनीनें परत पाठवितांना खोडून 'मुलींसाठीं स्वच्छतागृह' असें केलें. माझ्या पिढीच्या माणसास सरस्वतीमंदिराच्या अर्जांत तो शब्द पहिल्या ओळींत लिहितांना हात अडखळतो, हें मी कबूल करतों. पण अडलेलें तेथेंच होतें.

आंकड्यांविषयीं बोलावयाचें तर मला अण्णासाहेब कर्वे आठवतात. ते फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आपण त्यांच्या चरित्रांत ओझरती वाचतों. त्यांनीं १८९६ सालीं अनाथबालिकाश्रम काढला. १९०० सालीं तो पुण्याबाहेर हिंगण्यास गेला, तेव्हां रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यास ७५० रुपये दिले. पुढें वीस वर्षांनीं, १९२० सालीं, सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं महिला विद्यापीठास १५ लक्ष रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचें, नाथीबाईंचें, नांव मिळालें. ७५० पासून १५ लक्षांपर्यंतची ही वाट वक्तृत्वानें चालली गेली नाहीं. कर्वे कांहीं फर्डे वक्ते नव्हते. सुटी लागली कीं गांवोगांव हिंडावें, लहानसहान वर्गण्या गोळा कराव्या आणि त्यांचा हिशेब द्यावा, असा गणिताच्या मास्तरास शोभणारा क्रम त्यांनीं वर्षानुवर्षें चालविला. आणि दुसरें असें कीं, १८९३ सालीं त्यांनीं स्वतः विधवेशीं विवाह केला होता व त्यापायीं मुरुडास बहिष्कार सोसला होता. विधवांसाठीं मागणाऱ्या या माणसानें स्वतः काय भोगलें आहे तें दारांतील गृहस्थास माहीत असे. अर्जाच्या खालीं होणाऱ्या सहीस त्यामुळें वजन येई.

आतां आमचा हिशेब. मंडळांतील एका व्यवहारी सभासदांनीं मला बाजूस घेऊन सल्ला दिला, "दुप्पट मागा, ते निम्मे करतात." सल्ला प्रचलित आहे, आणि पुष्कळ संस्था तसें करीत असतील. मला मात्र त्या वेळीं रघुवंशाचा पांचवा सर्ग आठवला. मीं तो किती वेळां शिकविला असेन, पण अनुदानाचा अर्ज म्हणून कधीं वाचला नव्हता! वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठीं रघूकडे येतो. विश्वजित् यज्ञांत सर्वस्व देऊन बसलेला राजा त्याचें स्वागत मातीच्या पात्रानें करतो. कौत्स तें पात्र पाहूनच देणाऱ्याची स्थिति ओळखतो आणि दुसरीकडे जाण्यास निघतो. आजच्या अर्जदारांपैकीं किती जण देणाऱ्याच्या हातांतील पात्र आधीं पाहतात? राजा त्यास थांबवून, किती हवें तें विचारतो. उत्तर मोघम नाहीं: चौदा विद्या शिकलों, म्हणून चौदा कोटी. प्रत्येक कोटीस कारण आहे. पुढें कुबेराकडून सुवर्णाचा ढीग पडतो. राजा म्हणतो सर्व ने, आणि कौत्स गुरूच्या देण्याहून अधिक घेत नाहीं. सोबत दरपत्रकें जोडलीं नव्हतीं, एवढेंच काय तें उणें.

आम्हीं जोडलीं. कौलें, वासे व रीपा, सुतारकाम. मुलींसाठीं स्वच्छतागृह, त्याची टाकी व नळ. २४ खुर्च्या, दिवे, आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी. प्रत्येकाचीं तीन तीन दरपत्रकें घेतलीं. एकूण ४,८६,५०० रुपये झाले. पैकीं ४०,००० सभासदांनीं जमविले आणि ४,४६,५०० मागितले. स्वच्छतागृह बांधल्यावर तें स्वच्छ कोण ठेवील व त्याचा दरमहा खर्च कोठून येईल, हेंहि लिहावें लागलें. हा प्रश्न देणारे हटकून विचारतात, आणि त्यांचें चुकत नाहीं. बांधकामास दाता मिळतो, झाडूस मिळत नाहीं.

कागदपत्रांचें पुराण मी लांबवीत नाहीं. १८६० च्या कायद्याखालील संस्था-नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडील विश्वस्त-नोंदणी, प्राप्तिकर खात्याकडील नोंदणी, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, आणि १ एप्रिल २०२१ पासून लागूं झालेला सीएसआर-१ हा नमुना, इतकें पाहिजे. आमचे एक वयोवृद्ध विश्वस्त निवर्तल्यास नऊ वर्षें झालीं होतीं. तरी बदल-अर्ज देण्याचें आम्हींच विसरल्यामुळें सरकारी दप्तरीं ते हयात होते, व त्यांची सही आवश्यक होती. त्यांस दप्तरीं स्वर्गवासी करण्यास आम्हांस पांच महिने लागले, आणि मधला सबंध पावसाळा बादलीवर निघाला.

आंकडे, दरपत्रकें, नोंदणी सर्व झाल्यावर विद्यार्थिनीचा शेवटचा निरोप आला: "गुरुजी, आंकड्यांनीं खात्री पटते, पण लक्षांत राहतें तें माणूस. एक मुलगी लिहा."

मीं एक मुलगी लिहिली.

ती तेव्हां दहावींत होती आणि रोज साडेसहापर्यंत, निरुपायानें उठावें लागेपर्यंत, खिडकीजवळच्या बाकावर बसे. आई काजूच्या कारखान्यांत बिया सोलावयास जाई. घर एका खोलीचें. वडिलांस दारूचें व्यसन होतें, आणि ते घरीं आल्यावर दिवा मालविला जाई. मीं हें सर्व एका परिच्छेदांत लिहिलें. मालविलेल्या दिव्याचें वाक्य मीं चार वेळां घासूनपुसून लिहिलें आणि तें मला साधलें असें वाटलें. नांव घातलें नाहीं; तेवढ्यानें कर्तव्य झालें अशी माझी समजूत. यांतील एक अक्षरहि खोटें नव्हतें. तिनेंच एके दिवशीं, बाहेर जोराचा पाऊस असतांना, घरीं कां जात नाहींस असें मीं विचारल्यावरून, खालीं पाहत मला तें सांगितलें होतें. परंतु तें तिनें वाचनालयाच्या चिटणिसास सांगितलें नव्हतें. गुरुजींस सांगितलें होतें.

अर्ज मंजूर झाला. मागितलेली रक्कम पूर्ण, दोन हप्त्यांत. २०२३ च्या दिवाळीनंतर काम सुरू होऊन फाल्गुनांत संपलें. कंत्राटदार, मजूर, प्लंबर यांच्या कथा प्रत्येकाच्या घरीं घडतात, त्या सोडून देतों. सांगण्यासारखें एवढेंच कीं हिशेब पुरा झाल्यावर २,३१० रुपये उरले. मीं कौत्साचें स्मरण करून ते परत पाठविण्याविषयीं पत्र लिहिलें. कंपनीच्या कचेरींतून एका तरुण गृहस्थांचा फोन आला. ते बिचारे गोंधळले होते, कारण परत आलेले पैसे कोणत्या सदरीं जमा करावे हें त्यांस वरिष्ठांस विचारावें लागणार होतें. अखेर त्यांच्या लेखी संमतीनें आम्हीं त्या पैशांचा एक दिवा मागच्या बाजूस, मुलींच्या वाटेवर, लावला. त्या पावसाळ्यांत मीं पुन्हां वही घेऊन बसलों. साडेसहानंतरच्या मुलींच्या रकान्यांत सरासरी १४ आल्या. तो आंकडा अहवालांत लिहितांना मला जो आनंद झाला तो सुभाषितें लिहितांना कधीं झाला नव्हता.

२०२४ च्या आश्विनांत कंपनीची वार्षिक पुस्तिका टपालानें आली. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रें. एका पानावर आमच्या वाचनालयाचें नवें छप्पर, आणि त्याखालीं, चौकटींत, माझा तो परिच्छेद जसाच्या तसा. ग्रंथपालबाईंनीं कौतुकानें तें पान सूचनाफलकावर लावलें. मीं पाहिलें, आणि मला खोटें बोलवत नाहीं, मला अभिमान वाटला.

आमच्यासारख्या गांवांत काजूच्या कारखान्यांत जाणारी आई आणि खिडकीजवळच्या बाकावर बसणारी मुलगी अशा दोन खुणा पुरेशा होतात. नांवाची गरज नसते. सायंकाळपर्यंत सर्वांस कळलें होतें. मला मात्र ती येत नाहीं हें कळावयासहि चार दिवस लागले. ती आतां बारावींत होती. कोठें गांवाला गेली असेल असें मीं मनाशीं धरलें.

पांचव्या दिवशीं भर दुपारीं तिची आई आली. कारखान्याच्या जेवणाच्या सुटींत आली असावी. काजूच्या चिकानें हात काळवंडलेले होते. मीं खुर्ची पुढें केली, पण ती बसली नाहीं. चढ्या आवाजांतहि बोलली नाहीं.

"गुरुजी, लिहिलंत त्यांत खोटं कांहीं नाहीं," ती म्हणाली, "पण तें आमचं होतं."

मीं कांहींतरी म्हणावयास तोंड उघडलें असेन. ती पुढें म्हणाली, "आणि तिच्या बाबांनीं दारू सोडून वर्ष झालं. तें त्यांत कुठं आहे?"

तें त्यांत नव्हतें. मीं कधीं विचारलेंच नव्हतें. माझ्या परिच्छेदांत तो मनुष्य कायमचा दारू पिऊन दिवा मालवीत उभा होता, आणि तो गुळगुळीत कागद फाटेपर्यंत तसाच उभा राहणार होता.

मीं फलकावरील पान काढलें. कंपनीस पत्र लिहिलें. त्यांनीं सौजन्यानें क्षमा मागितली आणि पुढें तो मजकूर न छापण्याचें कबूल केलें, पण प्रती सर्वत्र गेलेल्या होत्या. मग एका रविवारीं मी त्यांच्या घरीं गेलों. दारांत तिचे वडीलच उभे होते. "या, गुरुजी," म्हणून त्यांनीं सतरंजी अंथरली. चहा झाला, भाताच्या कापणीविषयीं बोलणें झालें. मीं जें बोलावयास गेलों होतों तें दोन वाक्यांत कसेंबसें बोललों. ते नुसते मान हलवून, "राहूंदे आतां," एवढेंच म्हणाले. मुलगी आंतून बाहेर आली नाहीं. बारावीचा अभ्यास तिनें शेजारच्या गांवीं मावशीकडे राहून केला.

मंडळापुढें मीं ठराव मांडला कीं यापुढें कोणाचीहि हकीकत लिहावयाची तर ती आधीं त्या माणसास वाचून दाखवावी, त्यानें खोडील तें खोडावें, आणि त्याच्या घरच्यांविषयीं कांहीं असल्यास त्यांसहि विचारावें. दोघांनीं हरकत घेतली. असें केल्यास अर्जांत राम उरणार नाहीं, आणि शेवटीं पैसा मुलांसाठींच येतो, असें त्यांचें म्हणणें. तें सर्वस्वीं खोटें आहे असें मला म्हणतां येत नाहीं. त्या परिच्छेदावांचून आमचा अर्ज मंजूर झाला असता कीं नाहीं, कोण सांगणार? ज्या १४ मुली आतां आठ वाजेपर्यंत बसतात त्या एकीच्या बाकाची किंमत देऊन बसतात, हें मला रोज दिसतें. ठराव बहुमतानें संमत झाला. पुण्यास विद्यार्थिनीस मीं सर्व हकीकत कळविली. तिचें उत्तर आठ दिवसांनीं आलें: "गुरुजी, एक मुलगी लिहा असं मीच म्हटलं होतं."

आतां या वर्षीं बालविभागासाठीं एका धर्मादाय न्यासाकडे अर्ज करावयाचा आहे. त्यांच्या छापील नमुन्यांत एक रकाना असा: 'संस्थेच्या कार्याचा एखाद्या व्यक्तीच्या जीवनावर झालेला परिणाम, ३०० शब्दांत.' मीं विचार केला कीं दुसऱ्याच्या घरांत पुन्हां शिरण्यापेक्षां आपलेंच दार उघडावें. १९७३ सालीं मी इंग्रजी शाळेसाठीं या गांवीं आलों. दूरच्या आप्तांच्या पडवींत राहत असें आणि चार घरीं वार लावून जेवत असें. तेव्हांचे ग्रंथपाल वाचनालय बंद झाल्यावरहि मला कंदील देऊन आंत बसूं देत. मॅट्रिकचा सारा अभ्यास मीं त्या कंदिलावर केला. इथपर्यंत लिहिणें सोपें होतें. परंतु वार कां लावावे लागले हें लिहावयाचें तर वडील गेल्यावर आई परक्या घरीं स्वयंपाकास जात असे, आणि दादानें शाळा सोडून पेढींवर हमाली केली, तेंहि लिहिलें पाहिजे. ही गोष्ट आम्हीं भावंडांनीं आपल्या मुलाबाळांसहि धड सांगितलेली नाहीं. तीन मसुदे मीं फाडले. चौथ्यांत आईच्या हातांवरील फोडांचें एक वाक्य आलें, तें वाचून मला एकाएकीं मालविलेल्या दिव्याचें वाक्य आठवलें; तशाच तऱ्हेनें घासलेलें होतें. तें मीं काढून टाकलें.

ती मुलगी गेल्या जूनमध्यें परत आली. उसनें नेलेलें एक पुस्तक द्यावयास आली, तें देऊन थोडा वेळ उभी राहिली, आणि मग खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. मीं कांहीं विचारलें नाहीं. ती आतां कॉमर्सच्या पहिल्या वर्षास आहे, आणि सायंकाळीं दोन तास वाचनालयाचा संगणक संभाळते. मंडळ तिला त्याचें थोडें मानधन देतें. माझे हस्तलिखित अर्ज तीच टंकित करते.

गेल्या मंगळवारीं तो चौथा मसुदा मीं तिच्यापुढें ठेवला आणि वर्तमानपत्र घेऊन बसलों. कळफलकाचा आवाज चालला होता तो थांबला. बराच वेळ थांबला. मीं वर पाहिलें.

"गुरुजी," ती म्हणाली, "यांत तुमचे दादा आहेत. त्यांना विचारलंत?"

दादा डोंबिवलीस असतो. त्याचें वय ७४. असल्या गोष्टी फोनवर बोलण्याची आमची रीत नाहीं, म्हणून तो परिच्छेद स्वच्छ अक्षरांत लिहून मीं बुधवारीं टपालांत टाकला. अर्जाची मुदत ३० तारखेस संपते. बाकी सर्व रकाने भरून झाले आहेत; तो एक तिनें मोकळा ठेवला आहे.